घरचे विमान : बांधणी आणि डागडुजी

प्रतिकृती हा शब्द उच्चारताच पुष्कळांच्या मनात किंचित अनादर उत्पन्न होतो. मूळ वस्तू ती खरी आणि प्रतिकृती ती केवळ नक्कल, असा सरसकट निवाडा दिला जातो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, ह्या शहराला तर हा निवाडा पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला आहे. बेगमपुऱ्यातील बीबी का मकबरा पाहून परतणारा प्रवासी ‘ताजमहालाची नक्कल’ एवढे दोन शब्द टाकून मोकळा होतो. वस्तुतः १६६० च्या सुमारास पूर्ण झालेल्या ह्या वास्तूचा रचनाकार अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र होता, आणि ताजमहालाच्या रचनेशी त्याच उस्तादाचे नाव निगडित आहे. पित्याच्या मोठ्या कल्पनेची मांडणी पुत्राने लहान मापात आणि थोड्या खर्चात केली. जेथे संगमरवर पुरला नाही तेथे त्याने चुन्याचा गुळगुळीत गिलावा घेतला. मोठी वस्तू लहान करताना काय राखावे आणि काय सोडावे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा होता. घरातील पाटावर कामट्या आणि कागद घेऊन विमानाची प्रतिकृती बांधू पाहणाऱ्या मुलापुढेही नेमका तोच प्रश्न असतो. भेद एवढाच की, मकबऱ्याचे परीक्षण माणसे करतात. विमानाचे परीक्षण हवा करते, आणि हवेला कोणाचीही भीड नसते.

हा छंद क्षुल्लक नव्हे, हे विमानविद्येच्या इतिहासावरूनच दिसून येते. १८७१ च्या ऑगस्ट महिन्यात पॅरिसमधील त्युइलरी बागेत आल्फाँस पेनो नावाच्या एका तरुण फ्रेंच संशोधकाने पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारे चिमुकले विमान लोकांसमक्ष उडविले. ते ११ सेकंद हवेत तरंगले. माणूस यंत्राच्या बळावर उडावयास अद्याप ३२ वर्षे अवकाश होता. परंतु विमान स्वतःचा तोल स्वतः राखू शकते, ही गोष्ट त्या खेळण्याने सिद्ध केली. ह्याच पेनोच्या कल्पनेवर आधारलेले रबराचे एक उडते खेळणे १८७८ मध्ये अमेरिकेतील मिल्टन राइट ह्या धर्मोपदेशकाने आपल्या मुलांसाठी घरी आणले. मोठा विल्बर त्या वेळी ११ वर्षांचा आणि धाकटा ऑर्व्हिल ७ वर्षांचा होता. खेळणे लवकरच मोडले. मुलांनी त्यावरून स्वतः नवीन बनविले, पुढे त्याहून मोठे बनविले, आणि त्यांच्या ध्यानात आले की, खेळणे जितके मोठे करावे तितके ते वाईट उडते! असे का व्हावे, ह्याचे उत्तर त्या वयात त्यांना सापडले नाही. पण प्रश्न मात्र मनात रुजून राहिला.

ह्या प्रश्नाचे उत्तर आकारमानाच्या गणितात आहे, आणि ते समजून घेण्यास एक उदाहरण पुरेसे आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणून मुंबईस जुहू येथे जे विमान उतरविले, ते पस मॉथ जातीचे होते. त्याच्या पंखांचा पसारा ३६ फूट ९ इंच, आणि पूर्ण भारासह वजन सुमारे ९३० किलो. ह्या विमानाची चोविसाव्या हिश्शाची प्रतिकृती केली, तर पंखांचा पसारा १८ इंचांहून किंचित अधिक भरतो. परंतु लांबी २४ पटींनी घटली की पंखांचे क्षेत्रफळ २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ पटींनी घटते. आणि वजन, तेच पदार्थ त्याच प्रमाणात वापरले असे धरल्यास, १३,८२४ पटींनी घटते. म्हणजे ९३० किलोंचे अवघे ६७ ग्रॅम उरतात. वजन क्षेत्रफळापेक्षा अधिक वेगाने उतरल्यामुळे पंखाच्या प्रत्येक चौरस इंचावर मूळ विमानाच्या चोविसाव्या हिश्शाइतकाच भार येतो, आणि असे हलके विमान मूळ वेगाच्या सुमारे पाचव्या हिश्शाने गेले तरी हवेत तरते. उलट दिशेने पाहिले, म्हणजे राइट बंधूंचे खेळणे मोठे होताच का रुसले, तेही उलगडते.

लहानपणाचा हा लाभ निसर्ग मोबदल्यावाचून देत नाही. लहान पंखाला हवा जणू अधिक चिकट होऊन भेटते, आणि किंचितसा वाराही हलक्या विमानाला कलंडवितो. म्हणून अनुभवी कारागीर उडत्या प्रतिकृतीचे शेपूट मूळ प्रमाणाहून थोडे मोठे घेतो, पंखांची टोके थोडी अधिक उचलून धरतो, आणि पुढचा फिरता पंखा तर बराच मोठा बसवितो. ह्याला कोणी लबाडी म्हणेल; पण ती लबाडी नव्हे. केवळ कपाटात ठेवावयाची प्रतिकृती मापाशी इमान राखते, उडावयाची प्रतिकृती उड्डाणाशी इमान राखते. कोणते इमान राखावयाचे हे आधी ठरविले म्हणजे पुढील वाट सोपी होते.

साहित्य फारसे दुर्मिळ नाही. दक्षिण अमेरिकेतून, मुख्यतः इक्वेडोरमधून येणारे बाल्सा नावाचे अतिहलके लाकूड ह्या कामी सर्वोत्तम मानले जाते, आणि छंदाच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांतून ते मिळते. तथापि त्यावाचून अडते असे नाही. संक्रांतीच्या पतंगांचे शहर असलेल्या ह्या गावाला बांबूची कामटी कशी तासावी आणि दिव्याच्या ज्योतीवर ऊब देऊन तिला बाक कसा आणावा, हे नव्याने शिकवावयास नको. कामट्यांचा दांडा, पातळ लाकडाच्या फासळ्या, वर पतंगी कागद, आणि चिकटविण्यास गोंद किंवा खळ, एवढ्यावर पहिले विमान उभे राहते. आधी पूर्ण मापाचा आराखडा कागदावर काढावा, तो पाटावर पसरावा, त्यावर पारदर्शक कागद अंथरावा आणि टाचण्यांच्या आधाराने सांगाडा थेट आराखड्यावरच जुळवावा. कागद चढविल्यावर त्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला की वाळताना तो ताणला जातो आणि ढोलकीच्या पुडीप्रमाणे ताठ होतो. मात्र वाळेपर्यंत पंख टाचण्यांनी पाटाशी जखडून ठेवावा. एरवी तोच ताण त्याला पीळ देतो, आणि पिळलेला पंख विमानाला गोल गोल फिरवून जमिनीवर आणतो. रबराच्या पट्ट्यांना मऊ साबण व ग्लिसरीन ह्यांचे मिश्रण चोळल्यास त्या अधिक पीळ सोसतात.

ह्यानंतर येते ती परीक्षा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या भुईवरून हवेचे लोट वर चढतात; घारी पंख न हलविता त्यांवर घिरट्या घालताना दिसतात. असा लोट नवख्या विमानास मानवत नाही. पहिली चाचणी सूर्योदयाच्या सुमारास, वारा पडलेला असताना, आमखास मैदानासारख्या मोकळ्या जागी आणि शक्य तर गवतावर घ्यावी. रबर न पिळता विमान खांद्याच्या उंचीवरून हलकेच पुढे सोडावे. ते नाक खुपसून खाली आले तर पुढचा भार अधिक आहे; तोंड वर करून अडखळले आणि मग कोसळले तर मागचा भार अधिक आहे. तोल साधारणपणे पंखाच्या रुंदीच्या पुढून चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर साधावा, आणि त्यासाठी नाकाशी किंवा शेपटीशी मेणाचा लहानसा गोळा पुरतो. येथे एक नियम मात्र कधीही मोडू नये : एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि विमान सुधारले, तर ते कशामुळे सुधारले हे कधीच कळत नाही. रेडिओच्या लहरींवर चालणारी विमाने उडविणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावयाची असते. चिकलठाण्याचा विमानतळ शहराला लागूनच आहे, आणि चालकाविना उडणाऱ्या यंत्रांसाठी २०२१ चे नियम आहेत. त्यामुळे परवानगी आवश्यक असलेल्या क्षेत्रात ती परस्पर उडविता येत नाहीत.

एका वेळी एकच बदल, हा नियम दिसावयास लहान आहे. पण राइट बंधूंचे यश बव्हंशी त्यावरच उभारले आहे. १९०१ मध्ये त्यांची विमाने अपेक्षेप्रमाणे उचलली जाईनात, तेव्हा त्यांनी एक लांबट लाकडी पेटी केली, तिच्यातून पंख्याने वारा सोडला आणि सुमारे २०० चिमुकले पंख एकेक करून तपासले. थोरामोठ्यांचे म्हणून मानलेले आकडे तेथे चुकीचे ठरले. १७ डिसेंबर १९०३ रोजी जे १२ सेकंदांचे, १२० फुटांचे उड्डाण झाले, त्याची पूर्वतयारी ह्या मुठीत मावणाऱ्या पंखांनी केली होती.

महाराष्ट्रात ह्या संदर्भात शिवकर बापूजी तळपदे ह्यांचे नाव हटकून निघते. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ मध्ये, म्हणजे राइट बंधूंच्याही आधी, त्यांनी विमान उडविल्याची कथा अनेक घरांत अभिमानाने सांगितली जाते. ह्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा सापडलेला नाही. ‘वैमानिक शास्त्र’ म्हणून जो ग्रंथ ह्या कथेशी जोडला जातो, त्याची तपासणी बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली, आणि ग्रंथ विसाव्या शतकातला असून त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष काढला. हे ऐकून कोणाचे मन खट्टू होईल. पण ज्या मुलाने स्वतःच्या हाताने दहा विमाने बांधली आणि त्यांतील सात कोसळताना पाहिली, त्याला ह्यात अपमान वाटत नाही. कोणते यंत्र उडेल हे ग्रंथाच्या वयावरून ठरत नसते, हे तो जाणतो. तळपदे ह्यांच्या ठायी जी जिज्ञासा होती तिचा खरा वारसा कथेच्या पुनरुक्तीत नाही, प्रयोगाच्या पुनरावृत्तीत आहे. तो वारसा चालविणारी माणसे महाराष्ट्रात आहेत. मुंबईतील कांदिवली येथे घराच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव ह्यांनी सहा आसनांचे खरेखुरे विमान बांधले. २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडले गेले, आणि २०१७ मध्ये सरकारी नोंदणीला पात्र ठरले. गच्चीवर बांधलेल्या यंत्रालाही तपासणीच्या दारातूनच जावे लागते, आणि त्यातच त्याचा सन्मान आहे.

बांधणीइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, आनंद जुन्या विमानाच्या डागडुजीत आहे. माळ्यावरच्या पेटीत वडिलांच्या किंवा आजोबांच्या हातचे एखादे विमान सापडते. कागद पिवळा पडून चिरलेला, रबर उष्म्याने चिकट झालेले, एक फासळी मोडलेली. अशा वेळी हात शिवशिवतात. सगळे खरवडून नवा कागद, नवा रंग चढवावा असे वाटते. हा मोह आवरावा. त्याची किंमत काय असते, हे ह्याच जिल्ह्यातील अजिंठ्याच्या भिंतींनी दाखवून दिले आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन कुशल तज्ज्ञ बोलाविले. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी जागच्या जागी बसविला, हे त्यांचे मोठेच उपकार. परंतु चित्रांच्या रक्षणार्थ लावलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे व काळपट पडले, आणि ते हलक्या हाताने काढून टाकण्याचे काम भारतीय पुरातत्त्व खात्याला करीत बसावे लागले. हेतू शुद्ध होता, हातही कसलेले होते. तरी काळाने त्यात दोष काढला.

ह्यावरून घरच्या कारागिराने इतकाच धडा घ्यावा की, जे लावावयाचे ते पुढच्या माणसाला काढता येईल असेच लावावे. मोडलेली फासळी फेकण्याऐवजी तिला शेजारून बारीक कामटीचा आधार द्यावा. पिळवटलेला पंख वाफेवर धरून हळूहळू सरळ करावा. कागद फाटला असेल तेथेच ठिगळ लावावे. रबर तेवढे निःशंकपणे बदलावे. ते मुळातच झिजण्यासाठी असते. आणि काम सुरू करण्यापूर्वी विमानाची आहे त्या स्थितीतील छायाचित्रे काढून ठेवावी. आजोबांनी नाकात बसविलेला मेणाचा गोळा सापडला तर तो मुळीच काढू नये. एका विवक्षित पहाटे ते विमान मागे कलंडत होते आणि त्यांनी ती चूक ओळखली, ह्याची ती साक्ष आहे.

राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेने विमानांच्या प्रतिकृती बांधण्यास आपल्या शिक्षणक्रमात स्थान दिले आहे, ते उगीच नव्हे. तथापि हा छंद वैमानिक घडवितो म्हणूनच त्याची शिफारस करावी असे नाही. शाळेत चूक झाली की गुण कापले जातात, आणि म्हणून मुले चूक लपवावयास शिकतात. पाटावरच्या विमानाजवळ मात्र चूक लपविण्याची सोयच नाही. ती शोधावी लागते, आणि सापडली की मनाला समाधान लाभते. विमान कोसळले म्हणून मूल रडवेले होऊन घरी आले, तर वडील माणसांनी त्याला नवे विमान विकत आणून देण्याची घाई करू नये. त्याच्याजवळ बसावे, आणि ते नाकावर पडले की शेपटीवर, एवढेच विचारावे.