तळटीपा मोजून लेख जोखता येत नाही

विकिपीडियावरच्या इतिहासलेखांबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. कोणीही उठतो आणि लिहितो, म्हणून सगळंच भंपक, हे एक. खाली तळटीपांची रांग आहे, म्हणजे माहिती पक्की, हे दुसरं. माझ्या मते दुसरं जास्त घातक.

जुलै २००७मध्ये इंग्रजी विकिपीडियावर गोव्यातल्या डिचोलीच्या संघर्षाचा लेख आला: १६४०-४१ साली गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात झालेलं युद्ध. लेख लांबलचक, भाषा सफाईदार, जागोजागी पुस्तकांचे हवाले. सप्टेंबरात त्याला 'चांगला लेख' हा दर्जाही मिळाला. युद्ध मात्र झालंच नव्हतं! डिसेंबर २०१२मध्ये एका संपादकाने हवाल्यांतली पुस्तकं शोधायला घेतली, तर त्यांचा कुठेच पत्ता लागेना. मग लेख काढला गेला. 'कोणीही लिहितो' या सोयीतूनच हे थोतांड शिरलं आणि त्याच सोयीने ते पकडलंही गेलं.

खरं तर पुस्तकं शोधण्याचीही गरज नव्हती. १६४०मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे. मराठा साम्राज्य आलं कुठून? डिचोली पोर्तुगीजांच्या ताब्यात कायमची गेली तीही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. आपल्याकडच्या चौथीच्या पोराने यातली पहिली चूक तरी पकडली असती. पण 'चांगला लेख' ठरवायला बहुधा एकच परीक्षक पुरतो आणि त्याला विषय माहीत असेलच असं नाही.

तळटीपेतलं पुस्तक खरं असलं, तरी ते किती भरवशाचं हा प्रश्न उरतोच. 'बखरीचा आधार आहे' म्हटलं की आपण लगेच मान डोलावतो. पण कुठली बखर? सभासदाने महाराजांचा काळ पाहिला होता, राजारामांच्या आज्ञेवरून त्याने जिंजीला बखर लिहिली. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. दोन्हींना एकच वजन कसं देणार? म्हणून विकिपीडियाचा भर अभ्यासकांनी साधनं पारखून लिहिलेल्या ग्रंथांवर असतो. पण तळटीपेत ग्रंथाचं नुसतं नाव असेल आणि पान क्रमांक नसेल, तर पडताळायचं काय?

भाषेवरूनही पुष्कळ कळतं. 'असे म्हटले जाते' दिसलं की विचारावं, कोण म्हणतं? विशेषणांचा पाऊस पडत असेल, तर लेखाचं 'इतिहास' आणि 'चर्चा' पान उघडावं. कोणी काय घुसडलं, कोणी काय काढलं आणि भांडण कशावरून झालं, ते तिथे तारीखवार सापडतं.