संत कॅथरिनची अंगठी

मुंबई–गोवा महामार्गाने जुन्या गोव्यात पोचलेले पर्यटक सेंट फ्रान्सिस झेवियरचे दर्शन घेतात आणि समोरच्या से कॅथेड्रलमध्ये डोकावून परततात. तिथल्या मुख्य वेदीपुढे मात्र थांबायलाच हवे. सोन्याचा मुलामा चढवलेल्या त्या उंच वेदीवर एका स्त्रीच्या जीवनातले आणि हौतात्म्याचे प्रसंग कोरले आहेत. ती अलेक्झांड्रियाची संत कॅथरिन. अफोन्सो द अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा घेतला. तो तिच्या सणाचा दिवस, म्हणून कॅथेड्रल तिला अर्पण झाले.

आख्यायिका चौथ्या शतकातली. कॅथरिन राजघराण्यातली आणि विद्वान. तिला स्वप्नात मेरीच्या मांडीवरचा बाळ येशू दिसला, पण त्याने तोंड फिरवले. तिने दीक्षा घेतल्यावर तो पुन्हा आला आणि त्याने तिच्या बोटात लग्नाची अंगठी घातली. पुढे तिने सम्राटाच्या पन्नास पंडितांना वादात हरवले आणि सम्राटाची लग्नाची मागणीही धुडकावली. तिच्यासाठी आणलेले काटेरी चाक मोडून पडले, तेव्हा तिचा शिरच्छेद केला गेला. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, हे चर्चच्या अभ्यासकांनीही मान्य केले आहे. तरीही युरोपच्या चित्रकारांना शतकानुशतके ओढ लागली ती अंगठीच्या प्रसंगाची.

त्यातले एक विलक्षण चित्र पार्मिजानिनोचे. १५२७ मध्ये सैनिकांनी रोम लुटले, तेव्हा हा तरुण चित्रकार तिथून निसटला. त्याच सुमाराचे हे चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. राफाएलच्या पिढीने प्रमाणबद्धता आणि समतोल पूर्णत्वाला नेला होता. पुढच्या पिढीने तो समतोल जाणूनबुजून मोडला. बोटे लांबवली, माना ताणल्या, जागेची खोली संभ्रमात टाकली. हीच मॅनरिझम शैली. या चित्रात खालच्या कडेला एका वृद्धाचे नुसते मस्तक दिसते, मागच्या दारात कोणी बोलत उभे आहे. सगळे अस्थिर आहे, आणि त्या अस्थिरतेत अंगठीकडे जाणारे नाजूक हात तेवढे ठाम आहेत.

मराठी वाचकाला हा भाव परका नाही. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेला बीदरच्या बादशहाचे बोलावणे आले, तेव्हा तिने पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांशी देह ठेवला, अशी वारकरी परंपरा सांगते. दोघींनीही सत्तेला नाही म्हटले, कारण त्यांनी आपला धनी आधीच निवडला होता.

पण देवाशी लागलेले प्रत्येक लग्न असे नसते. खंडोबाच्या मुरळीचेही देवाशी लग्न लागे, ते बहुधा आईबापांच्या नवसापोटी आणि मुलगी अजाण असताना. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने मुली देवाला वाहणे बेकायदा ठरवले, ते योग्यच झाले. विधी दिसायला सारखा, पण एकीकडे स्त्री स्वतः हात पुढे करते आणि दुसरीकडे तिचा हात दुसराच कोणी धरून देतो.

म्हणून कॅथरिनच्या चित्रांत भक्तीइतकेच तिचे ज्ञान आणि तिची संमती पाहावी. आख्यायिकेने तिला आधी विचार करू दिला, मग अंगठी दिली. हा क्रम ज्या समाजाला कळतो, तिथे मुलीच्या श्रद्धेचा आणि तिच्या नकाराचाही मान राखला जातो.