नॉर्माची वही कुठे आहे?

विज्ञान कादंबरी म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "हे वाचून समाजाला काय मिळणार?" अंतराळयाने, परग्रह, यंत्रमानव ही पोट भरलेल्यांची करमणूक, असा समज आमच्या कार्यकर्त्यांमध्येही आहे. आमचाही होता. तो कोणा समीक्षकाने किंवा प्राध्यापकाने मोडला नाही. आमच्या सख्ख्या थोरल्या बहिणीने मोडला, आणि असा मोडला की आम्हाला आमच्या वकिलीची लाज वाटली. म्हणून हा लेख.

आम्ही तीन भावंडे. ताई सर्वांत मोठी. दहावी पास, नागपुरात अंगणवाडी सेविका, सासर आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मधले आम्ही, कोर्टात वकिली आणि उरलेल्या वेळात चळवळ. धाकटा इंजिनिअर, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कोर्ट बंद पडले आणि धाकटा लॅपटॉप घेऊन घरी आला. त्याच्या बॅगेत इंग्रजी विज्ञान कादंबऱ्या होत्या. रात्री तो वाचायचा, आम्ही मराठी करून सांगायचो, ताई भाजी निवडत ऐकायची. लॉकडाऊन उठला, पण वाचन थांबले नाही. आजही रविवारी रात्री नऊ वाजता धाकट्याचा फोन येतो आणि तो स्पीकरवर ठेवून आमची बैठक बसते.

धाकट्याने नियम घातला होता की सुरुवात पुरस्कार मिळालेल्या कादंबऱ्यांपासून करायची. या क्षेत्रात दोन पुरस्कार मोठे मानले जातात. ह्यूगो पुरस्कार 1953 पासून आहे आणि तो विज्ञानकथाप्रेमींच्या जागतिक संमेलनाचे सदस्य मतदानाने ठरवतात. नेब्युला पुरस्कार 1966 पासून अमेरिकेतील विज्ञानकथा लेखकांची संघटना देते. म्हणजे एक वाचकांचा, दुसरा लेखकांचा.

पहिले पुस्तक निघाले डॅनियल कीज यांचे 'फ्लॉवर्स फॉर अल्जेर्नॉन'. 1959 साली ही कथा म्हणून आली आणि तिला ह्यूगो मिळाला. 1966 साली तिची कादंबरी झाली आणि तिला नेब्युला विभागून मिळाला. चार्ली गॉर्डन हा बत्तीस वर्षांचा मतिमंद माणूस बेकरीत राबतो. शास्त्रज्ञ त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करतात. त्याआधी तीच शस्त्रक्रिया अल्जेर्नॉन नावाच्या उंदरावर झालेली असते. चार्लीची बुद्धी वाढत जाते, शास्त्रज्ञांच्याही पुढे जाते आणि पुढे तितक्याच वेगाने ओसरते. सारी कादंबरी म्हणजे चार्लीने स्वतः लिहिलेले अहवाल आहेत. आधी चुकांनी भरलेले, मग पंडिती, मग पुन्हा चुकांचे.

बेकरीतले लोक आधी चार्लीला हसतात. तो शहाणा झाल्यावर तेच लोक त्याला कामावरून काढा म्हणून अर्ज करतात. इथे धाकट्याचा आवाज चढला. तो म्हणाला, "दादा, हे तर आपलंच आहे. शिकलो नव्हतो तेव्हा हसले. शिकलो तर म्हणतात, यांना जागा फुकट मिळाली." आम्हीही मान हलवली. कॉलेजातले, कोर्टाच्या बाररूममधले असे अनुभव आमच्यापाशी कमी नाहीत. आम्ही दोघे भाऊ त्या रात्री चार्ली होऊन बसलो होतो.

ताई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "अन् त्याची बहीण?"

चार्लीला नॉर्मा नावाची धाकटी बहीण आहे. लहानपणी ती त्याचा रागराग करते. पुढे चार्लीला घराबाहेर काढले जाते. तो मोठा विद्वान होऊन अनेक वर्षांनी घरी येतो, तेव्हा आईचे डोके ठिकाणावर राहिलेले नसते आणि नॉर्मा एकटीच तिला सांभाळत असते. भाऊ भेटला याचा तिला आनंद होतो. आता कोणीतरी हात लावेल अशी तिला आशा वाटते. चार्ली मात्र निघून जातो. आम्ही हा भाग सांगताना दोन वाक्यांत उरकला होता.

ताई म्हणाली, "तुमी दोघंही चार्ली बनून राहिले. त्याच्याजवळ लिहायला वही होती, म्हणून त्याचं दुःख जगाले समजलं. नॉर्माची वही कुठं आहे?"

वाचकहो, आम्ही वकील आहोत. जे रेकॉर्डवर नाही ते कोर्टात घडलेच नाही असे धरतात, हे आम्ही रोज पाहतो. तरी हा मुद्दा आमच्या ध्यानात आला नव्हता. वडील ज्या गिरणीत होते तिथले काम सुटले, तेव्हा ताई दहावी झाली होती. एकाच्याच शिक्षणाला पैसा पुरेल असे घरात ठरले आणि मुलगा म्हणून आमचे नाव निघाले. ताईने शिवणकाम धरले. धाकट्याच्या डिप्लोमाची पहिली फी त्या मशीनवरून आली. पुढे आईला लकवा झाला. चार वर्षे ती अंथरुणावर होती. सकाळ-संध्याकाळ दोन गल्ल्या ओलांडून ताई येत होती. आम्ही तेव्हा सभांमधून स्त्रीमुक्तीवर बोलत होतो. यातले काहीच कुठे लिहिलेले नाही.

आणि जे लिहिलेले आहे ते त्याहून वाईट आहे. वडील गेल्यावर घर आम्हा दोन भावांच्या नावे करण्यासाठी ताईकडून हक्कसोडपत्र घेतले गेले. त्याचा मसुदा आम्हीच केला. "आपल्या राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय" हे ठरावीक शब्दही आमचेच. ताईने वाचून न पाहता सही केली, कारण कागद भावाने आणला होता.

1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्यानुसार वडिलांच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही तिला जन्मापासून हक्क दिला. हिंदू कोड बिल रखडवले गेले, हे बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा देण्यामागचे एक मोठे कारण होते. हे आम्ही किती व्यासपीठांवरून सांगितले असेल याची मोजदाद नाही. व्यासपीठावरून उतरून आम्ही घरी काय केले, ते वर लिहिले आहे.

दुसरे पुस्तक होते अर्सुला ले ग्विन यांचे 'द डिस्पझेस्ड'. 1974 सालची ही कादंबरी ह्यूगो आणि नेब्युला या दोन्ही पुरस्कारांची मानकरी आहे. उरास नावाच्या श्रीमंत जगातून बंडखोर बाहेर पडतात आणि त्याच्या ओसाड चंद्रावर, अनारेसवर, आपला समाज उभारतात. तिथे खाजगी मालमत्ता नाही, सरकार नाही. भाषासुद्धा अशी घडवली की 'माझे-तुझे' फारसे बोलावे लागू नये.

ताईने लगेच विचारले, "मग तिथं संडास-गटारं कोण साफ करते?" धाकटा हसला, पण पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर आहे. अनारेसवर घाण काम सर्वांनी पाळीने करायचे असते. दर दहा दिवसांतला एक दिवस अशा कामासाठी कोणालाही बोलावता येते, आणि भौतिकशास्त्रज्ञही त्यातून सुटत नाही. आपल्याकडे हाताने मैला साफ करण्यावर 1993 साली आणि पुन्हा 2013 साली कायद्याने बंदी आली, तरी गटारात उतरून मरणारे कोण हे जात विचारल्याशिवायही कळते. जात म्हणजे कामाची नव्हे तर कामगारांची विभागणी, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच सांगून ठेवले. एका अंगणवाडी सेविकेने कादंबरीला नेमका तोच प्रश्न विचारला.

पण ले ग्विन इथे थांबत नाहीत, म्हणून ही कादंबरी मोठी. बंड होऊन दीडशेहून अधिक वर्षे झाल्यावर अनारेसमध्येही वजनदार माणसे तयार झालेली आहेत. साबूल नावाचा ज्येष्ठ शास्त्रज्ञ शेवेक या तरुणाचा ग्रंथ अडवतो आणि छापायचा तर आपलेही नाव त्यावर लावतो. कायद्याने कोणीच मालक नाही, तरी मालकी चालू आहे. ती करणारा शत्रू नाही, चळवळीतलाच माणूस आहे.

हे सांगताना आमचा आवाज अडखळला. फोनवर धाकटाही गप्प झाला. दुसऱ्याच्या कष्टावर आपले नाव लावणारा साबूल आम्हा तिघांच्याही ओळखीचा होता. शेवटी ताईच म्हणाली, "'माझं' म्हणू नये हे बरोबर आहे. पण ज्याच्याजवळ आहे त्यानं म्हणू नये. मले तर अजून एकदाही म्हणता आलं नाही."

त्याच रात्री आम्ही दोघा भावांनी ठरवले की घराचा तिसरा हिस्सा रीतसर बक्षीसपत्र करून ताईच्या नावे करायचा. खरे तर 'बक्षीस' हा शब्द आम्हाला बोचतो. जे तिचे होते तेच परत देतो आहोत. पण नोंदणी झालेले हक्कसोडपत्र नुसत्या पश्चात्तापाने रद्द होत नाही, त्यामुळे कागदावर हाच शब्द येईल. मसुदा तयार आहे. धाकटा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला येईल, तेव्हा नोंदणी करायची आहे. आम्ही ताईला हे सांगताना थोडे भाषणच केले. ती म्हणाली, "पहिले सही करा, मंग बोला."

सध्या ऑक्टेव्हिया बटलर यांची 'पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स' चालू आहे. 1998 च्या या कादंबरीला नेब्युला मिळाला. बटलर या कृष्णवर्णीय लेखिका, आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी. मालकांनी टाकून दिलेली पुस्तके ती मुलीसाठी घरी आणत असे. या कादंबरीतही एक भाऊ आहे. बहिणीपासून हिरावलेली तिची मुलगी कुठे आहे हे त्याला ठाऊक असते आणि तो सांगत नाही. ताईने यावर अजून मत दिलेले नाही. मात्र ती आता प्रत्येक रविवारी वही घेऊन बसते आणि बैठक संपली की काहीतरी लिहिते. आम्ही ती वही मागितलेली नाही.

आमचे वाचकांना इतकेच सांगणे आहे. घरात जो सर्वांत जास्त शिकला त्याने वाचावे आणि ज्याचे शिक्षण त्याच्यासाठी थांबले त्याला ऐकवावे. मग प्रश्न विचारायचा पहिला मान ऐकणाऱ्याला द्यावा. आणि हे करण्याआधी आपल्या घराचा कागद एकदा काढून त्यावर कोणाची नावे आहेत ते पाहावे.