पिठासारखं रान आणि हातचा गेलेला पंधरवडा

सोयाबीनची सोंगणी उरकली की बुलडाणा जिल्ह्यात, घाटावर चिखली-मेहकरला आणि घाटाखाली नांदुरा-मलकापूरलाही, एक वाक्य हमखास कानावर येतं: "वावर पिठासारखं झाल्याशिवाय गहू टाकायचा नाही." मग नांगर. त्यावर रोटावेटर. ढेकळं राहिली म्हणून पुन्हा रोटावेटर. तोवर ओल उडालेली असते, म्हणून रान ओलवायचं, वापशाची वाट पाहायची आणि परत एक पाळी घालायची. गहू मातीत पडेस्तोवर डिसेंबर उजाडतो. मार्चमध्ये दाणा बारीक निघाला की दोष बियाण्याचा, नाहीतर दुकानदाराचा!

मुख्य गैरसमज: जितकी जास्त मशागत, तितका जास्त गहू

वस्तुस्थिती: उगवायला गव्हाला ओल लागते, दाण्याला चिकटून बसलेली माती लागते आणि कोंब वर निघेल एवढी मोकळीक लागते. वरचा चार-पाच बोटांचा थर भुसभुशीत असला की हे सगळं मिळतं. त्याखालची माती दळून गव्हाचं काही भलं होत नाही.

त्यातही आपली काळी जमीन वेगळी. ती ओली झाली की फुगते, वाळली की आटते, भेगाळते. या फुगण्या-आटण्यात तिची ढेकळं बरीचशी आपोआप फुटतात. सोयाबीनला डवऱ्याचे फेर झालेले असतात, पाला वावरातच गळलेला असतो. अशा रानावर रोटावेटर तीन-तीनदा फिरवला की मातीची नैसर्गिक कणी मोडते, पहिल्या पाण्यातच वर पापुद्रा धरतो आणि पाती दरवेळी एकाच खोलीवर घासल्याने खाली घट्ट थर तयार होतो. मुळं आणि पाणी दोन्ही तिथं अडखळतात. थोडक्यात, डिझेल जाळून आपण जमीन बिघडवतो.

पुरावा हवा? भोपाळच्या भारतीय मृदाविज्ञान संस्थेत काळ्या जमिनीवर, सोयाबीन-गहू याच क्रमावर, मशागतीचे दीर्घकालीन प्रयोग झाले. कमी मशागत आणि नेहमीची मशागत यांत गव्हाचं उत्पादन जवळपास सारखंच राहिलं. म्हणजे जादा पाळ्यांचा खर्च कशासाठी केला, हा प्रश्न उरतोच.

"पण शिफारशीच्या पत्रकात नांगरट आणि कुळवाच्या पाळ्या लिहिल्यात की!" लिहिल्यात, कबूल. त्याच पत्रकात पेरणीची तारीखही लिहिलेली असते, ती मात्र कोणी वाचत नाही. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे १ ते १५ नोव्हेंबर. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल, म्हणजे एकरी एक क्विंटल उत्पादन घटतं, असं राज्यातली कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. १५ डिसेंबरनंतरचा गहू तर परवडतच नाही.

कारण सरळ आहे. आपली थंडी मुळातच तोकडी. फुटव्यांना गारवा लागतो आणि दाणा भरताना ऊन तापलं की ओंबी अकाली पिवळी पडते. पंजाबला जेवढा हिवाळा मिळतो तेवढा आपल्याला मिळत नाही. घाटाखाली तर फेब्रुवारीतच झळा लागतात. २०२२चा मार्च १९०१पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला, गव्हाचा अंदाज खाली आणावा लागला आणि १३ मे रोजी निर्यातबंदी आली. पंजाब-हरियाणाचा गहू जिथं पोळला, तिथं डिसेंबरात पेरलेल्या आपल्या गव्हाची काय कथा?

मग नांगर विकून टाकायचा का? तसंही नाही. कुंदा-हराळी माजलेलं किंवा पऱ्हाटीची धसकटं असलेलं वावर असेल तर नांगरट हवीच. 'नांगरणी बंद, उत्पन्न दुप्पट' असं सांगणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. 'नेचर' या नियतकालिकात २०१५ साली ६१० अभ्यासांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. नांगरणी थांबवल्याने पिकांचं उत्पादन एकूण सरासरी ५.७ टक्के घटलेलं दिसलं. पण कोरड्या हवेतल्या कोरडवाहू शेतीत पिकांचे अवशेष रानात राखले आणि फेरपालट केली, तिथं ते ७.३ टक्के वाढलं. सोयाबीनच्या स्वच्छ रानात मात्र वापशावर वखराची किंवा रोटावेटरची एक हलकी पाळी आणि लगेच पेरणीयंत्र, एवढं पुष्कळ झालं.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

"खोल पेरला की मूळ खोल जातं." बी कितीही खाली टाका, फुटवे आणि मुकुटमुळं जमिनीखाली दोन-तीन सेंटिमीटरवरच फुटतात. बुटक्या वाणांचा कोंबही आखूड असतो, म्हणून पाच-सहा सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका.

"फोकून रोटावेटर फिरवला तरी तेच." काही दाणे वर उघडे, काही खोल गाडलेले, उगवण मागेपुढे होते आणि बियाणं जास्त लागतं.

"उभी-आडवी पेरणी केली की पीक दाट येतं." शिफारस एकेरी पेरणीची आहे. ओळी २० ते २२.५ सेंटिमीटरवर ठेवल्या की आंतरमशागतही करता येते.

"बी जास्त, गहू जास्त." वेळेवरच्या पेरणीला एकरी ४० ते ५० किलो बास, मोकळी जागा फुटवे भरून काढतात. उशीर झाला तर मात्र बियाणं वाढवा आणि ओळी १८ सेंटिमीटरवर आणा, कारण तेव्हा फुटवे कमी येतात.

"पाणी काय, कधीही द्या." एकच पाणी चुकवता येत नाही: १८ ते २१ दिवसांचं, मुकुटमुळं फुटतानाचं.

"धसकटं जाळली की जमीन सुधारते." राख राहते, सेंद्रिय कर्ब आणि नत्र हवेत जातं.

एवढं वाचूनही शंका असेल तर वावराचे दोन भाग करा. अर्ध्यात एका पाळीवर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरा, अर्ध्यात तुमची नेहमीची पद्धत. वाण आणि खत तेच ठेवा. मळणीला दोन्हींची पोती वेगळी मोजा आणि डिझेलचा खर्च त्यातून वजा करायला विसरू नका.