विश्लेषण : एका आदेशात १६ पिक्सेल... कंपायलरला हे कसे जमते? आणि ते तपासायचे कसे?

दोन छायाचित्रे एकमेकांत मिसळायची तर प्रत्येक पिक्सेलची सरासरी काढावी लागते. पिक्सेल लाखो असतात. प्रोग्रामर त्यासाठी एकेक पिक्सेल हाताळणारा साधा लूप लिहितो. मात्र, प्रोसेसरला एकाच आदेशात १६ पिक्सेल उरकता येतात. लूपचे अशा आदेशांत रूपांतर कंपायलर स्वतःच करतो. यालाच ऑटो-व्हेक्टरायझेशन म्हणतात.

सोय कधीपासून?

आजच्या बहुतेक स्मार्टफोनमधील ६४-बिट एआरएम प्रोसेसरमध्ये १२८ बिटांची रजिस्टर असतात. त्यांत ८ बिटांच्या १६ संख्या मावतात. जीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये ही सोय २००५ मध्ये ४.० आवृत्तीत आली. २०२२ च्या जीसीसी १२ पासून ती ‘ओ-२’ या नेहमीच्या पातळीवरही मर्यादित स्वरूपात आपोआप सुरू असते.

‘पॅटर्न’ कशासाठी?

२०० आणि १०० यांची बेरीज ३००. पण ८ बिटांत २५५ पर्यंतच मावते. त्यामुळे सी भाषेच्या नियमानुसार ही बेरीज साधारणपणे ३२ बिटांत होते. मग रजिस्टरमध्ये १६ ऐवजी चारच संख्या बसतात आणि वेगाचा फायदा घटतो. ‘बेरीज करा, एक मिळवा, निम्मे करा’ ही ठेवण कंपायलरने ओळखली, तर तो सरासरीचा तयार आदेश वापरतो आणि पुन्हा १६ संख्या एकदम हाताळल्या जातात.

धोका कुठे?

१०० आणि १०१ यांची सरासरी १००.५. आधी एक मिळवला तर उत्तर १०१, नाही तर १००. इंटेल आणि एएमडी प्रोसेसरमधील ८ बिटांचा सरासरीचा आदेश नेहमी वरचा पूर्णांक देतो. एआरएममध्ये दोन्ही प्रकार आहेत. कंपायलरने चुकीच्या लूपला हा आदेश लावला, तर प्रोग्राम बंद पडत नाही की इशाराही येत नाही. उत्तर मात्र एकाने चुकते.

चाचणी कशी होते?

- लूपचे रूपांतर झाले का, हे कंपायलरच्या नोंदीत पाहिले जाते.
- साध्या लूपचे आणि नव्या कोडचे उत्तर ताडून पाहिले जाते. ८ बिटांच्या संख्यांच्या जोड्या ६५,५३६ च असल्याने त्या सगळ्या तपासता येतात.
- १९ पिक्सेल दिले तर १६ नंतर उरलेले तीन नीट हाताळले जातात का, हे पाहावे लागते.
- उत्तर मूळ माहितीवरच लिहिले जात असेल, तर पुढच्या फेरीला बदललेली संख्या मिळू शकते. अशा वेळी १६ पिक्सेल एकदम उचलणे चुकीचे ठरते.
- जिथे पॅटर्न लागू होत नाही, तिथे तो वापरला जात नाही ना, याचीही चाचणी लागते.

दशांश संख्यांचे काय?

दशांश संख्यांच्या बेरजेचा क्रम बदलला, तर उत्तरात किंचित फरक पडू शकतो. म्हणून स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय जीसीसी आणि क्लँग तो बदलत नाहीत. एखादा लूप का सोडला, याचे कारण मात्र दोन्ही कंपायलर विचारल्यावर दाखवतात.