‘डिस्क गेली’ म्हणण्यापूर्वी

मालेगावात आमच्या एका स्नेह्यांचा सुताचा व्यापार आहे. लहान यंत्रमागधारकांना ते उधारीवर सूत देतात. कापड विकले की पैसे येतात. काहीजण आधीच रक्कम जमा करून ठेवतात आणि लागेल तसे सूत उचलतात. हा सगळा हिशेब २००४ साली घेतलेल्या घरच्या संगणकात आहे. २०२३ साली शाबान संपत आला असताना एके सकाळी संगणक सुरू होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली. तिचा अर्थ एवढाच की, सुरू होण्यासाठी डिस्क सापडत नाही. दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटे पाहून निकाल दिला : ‘हार्ड डिस्क गेली. नवी टाका, जुना हिशेब विसरा.’

नवी डिस्क बाजारात मिळते. पण कोणाकडून किती येणे आहे आणि कोणाची किती रक्कम आपल्याकडे अमानत म्हणून पडून आहे, हे नव्या डिस्कवर कोठून येणार? येणे-देणे कळल्याशिवाय जकातीचाही हिशेब होत नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे, आणि पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत तीच. पूर्वी हे लिखाण लाल वहीत असे, आता पत्र्याच्या डब्यात असते; जबाबदारी बदललेली नाही.

म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना आमचे पहिले सांगणे असे की, ‘डिस्क दिसत नाही’ आणि ‘डिस्क गेली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या यंत्रात डिस्क न दिसण्याची कारणे बरीच असतात आणि त्यांतील बहुतेक स्वस्तात निघतात.

तपास कोठून सुरू करावा? विंडोजपासून नव्हे, त्याच्या आधीच्या पडद्यापासून. संगणक चालू करताच डिलीट किंवा एफ-२ हे बटण (यंत्रागणिक वेगळे असते, पडद्याच्या तळाशी लिहिलेले दिसते) दाबत राहिले की बायोसचा निळा किंवा करडा पडदा उघडतो. तेथे प्रायमरी मास्टर, प्रायमरी स्लेव्ह, सेकंडरी मास्टर, सेकंडरी स्लेव्ह अशा चार जागा दिसतात. आपल्या डिस्कचे किंवा सीडी ड्राइव्हचे नाव तेथे असेल, तर तारा व वीजपुरवठा बहुधा ठीक आहे आणि दोष विंडोजमध्ये शोधावा. ‘नन’ लिहिलेले असेल, तर विंडोज पुन्हा टाकून काहीही उपयोग नाही. दोष डब्यात आहे. दुरुस्तीवाला घरी आला तर त्याला हा पडदा दाखवायला सांगावे. जो दाखवत नाही त्याच्या निकालावर आम्ही तरी विश्वास ठेवणार नाही.

त्याच पडद्यावर तारीख व वेळही पाहावी. तारीख दहा-वीस वर्षे मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. सीआर २०३२ नावाची ही तीन व्होल्टची बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती संपली की बायोस आपल्या सेटिंग विसरतो आणि कधी कधी डिस्कही. बॅटरी बदलून चारही जागा ‘ऑटो’वर ठेवाव्यात. थोड्या नव्या, म्हणजे साटा डिस्क असलेल्या यंत्रात आणखी एक गोष्ट होते. बॅटरी संपल्यावर साटाची पद्धत आयडीईवरून एएचसीआयवर किंवा उलट जाते आणि विंडोज एक्सपी सुरू होता होता निळा पडदा दाखवून थांबते. डिस्क शाबूत असते. सेटिंग पूर्वीसारखी केली की काम होते. एक्सपीची सीडी घालून पाहणाऱ्यांनाही ‘हार्ड डिस्क नाही’ असे उत्तर मिळते, त्याचेही कारण बहुधा हेच.

स्नेह्यांच्या संगणकात तारीख बरोबर होती, पण चारही जागी ‘नन’ होते. डबा उघडणे भाग होते.

उघडण्यापूर्वी संगणक बंद करून भिंतीतली पिनही काढावी. डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यावी. वीज पुरवणारी चौकोनी पेटी, जिला सगळे एसएमपीएस म्हणतात, ती मात्र कधीही उघडू नये. पिन काढल्यावरही तिच्यात जीवघेणी वीज साठून राहते. डबा उघडल्यावर आम्हाला प्रथम दिसले ते तूस. ज्या घराच्या मागल्या बाजूला माग चालतात, तेथील संगणकाच्या पोटात कापसाचा थर बसणारच. मऊ ब्रशने तो काढला.

मग पाहिली ती रुंद पट्टीची केबल. जुन्या डिस्कला ही ४० पिनांची केबल असते. तिच्या एका कडेला लाल तार असते. ती एक नंबरच्या पिनेकडे, म्हणजे बहुतेक ड्राइव्हवर वीजेच्या सॉकेटच्या बाजूला यावी लागते. नुसती दिसायला घट्ट बसलेली केबल पुष्कळदा एका टोकाने सुटलेली असते. म्हणून दोन्ही टोके काढून सरळ दाबून पुन्हा बसवावीत. ओढताना पट्टी धरू नये, प्लास्टिकचे डोके धरावे. वेगवान डिस्कसाठीच्या केबलमध्ये ८० बारीक तारा असतात. तिचे निळे टोक मदरबोर्डला, काळे टोक मास्टरला आणि मधले करडे टोक स्लेव्हला लावायचे असते. शक्य असल्यास दुसरी केबल लावून पाहावी, कारण वाकवून वाकवून आतली तार तुटलेली बाहेरून दिसत नाही.

वीजेचा चार तारांचा पांढरा प्लगही बदलून पाहावा. पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, दोन काळ्या. डिस्कवर बोट ठेवले असता चालू करताना बारीक थरथर जाणवली पाहिजे. जाणवली नाही तर वीज पोहोचत नाही किंवा डिस्कच्या पाठीवरचा सर्किट बोर्ड गेला आहे.

आमच्या बोटाला थरथर जाणवली. डिस्क जिवंत होती. तरी दिसत नव्हती.

तेव्हा आम्ही विचारले, ‘यात अलीकडे काही बदल केला का?’ हा प्रश्न खरे तर अगदी सुरुवातीलाच विचारायला हवा होता. थोड्या वेळाने भाचा पुढे आला. सीडी ड्राइव्ह अडकत होता, म्हणून आदल्या रात्री त्याने तो काढून ठेवला होता. हार्ड डिस्कला हातही लावला नव्हता, असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि खरेच सांगत होता. घोटाळा नेमका तेथेच होता. एका केबलवर दोन ड्राइव्ह असले की एक मास्टर व दुसरा स्लेव्ह करावा लागतो. त्यासाठी ड्राइव्हच्या मागे जंपर नावाची बारीकशी टोपी दोन पिनांवर बसवतात. दोन्ही मास्टर झाले तर एक किंवा दोन्ही गायब होतात, हे अनेकांना ठाऊक असते. पण काही हार्ड डिस्कवर ‘एकटी’ आणि ‘स्लेव्हसह मास्टर’ अशा दोन निराळ्या जागा असतात, हे फारसे कोणी पाहत नाही. सीडी ड्राइव्ह गेल्यावरही ही डिस्क जोडीदाराची वाट पाहत बसली होती! डिस्कवरच्या कागदी लेबलावर आकृती छापलेली असते. तिच्याप्रमाणे जंपर काढला, डबा चालू केला, आणि बायोसमध्ये नाव आले.

सीडी ड्राइव्हची गोष्ट थोडी वेगळी. बायोसमध्ये नाव आहे पण माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही, अशी तक्रार याच ड्राइव्हबद्दल अधिक येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यावर पिवळी खूण असेल, तर तेथूनच तो काढून टाकावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज त्याला पुन्हा शोधून घेते. तरीही खूण राहिली व ३१ किंवा ३९ असा आकडा दिसला, तर सीडी लिहिण्याच्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत मागे ठेवलेल्या अप्पर फिल्टर्स व लोअर फिल्टर्स या नोंदी कारण असतात. त्या काढण्यापूर्वी रजिस्ट्रीची नक्कल घ्यावी, किंवा जाणत्या माणसाला बसवावे. कधी पेन ड्राइव्हने ड्राइव्हचे अक्षर बळकावलेले असते. ते डिस्क मॅनेजमेंटमधून बदलता येते.

एम्ब्रॉयडरीच्या जुन्या यंत्रांसाठी ज्यांचे नक्षीकाम आजही फ्लॉपीवर आहे, त्यांच्यासाठी एकच खूण : ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहिला तर केबल उलटी लागली आहे. ती सुलट करेपर्यंत आत फ्लॉपी घालू नये.

आता धोक्याचे. डिस्कमधून ठराविक अंतराने टक्-टक् असा आवाज येत असेल, तर वरचे सर्व उपाय सोडून वीज बंद करावी. आतला वाचणारा भाग बिघडला आहे आणि प्रत्येक वेळी चालू करण्याने नोंदी आणखी खरवडल्या जाण्याची भीती असते. ठोकणे, फ्रीजमध्ये ठेवणे असले प्रयोग करू नयेत. हिशेब मोलाचा असेल तर डेटा परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडेच जावे. तसेच डिस्क दुसऱ्या संगणकाला लावल्यावर विंडोजने ‘फॉरमॅट करू का?’ किंवा ‘इनिशियलाइज करू का?’ असे विचारले, तर उत्तर ‘नाही’. घाईत दिलेल्या एका ‘हो’ने हाताशी आलेला हिशेब पुन्हा हातचा जातो.

डिस्क दिसू लागली म्हणजे काम संपले असे नाही. ती आता म्हातारी आहे. बाजारात आयडीई डिस्क यूएसबीला जोडणारा अडॅप्टर मिळतो. मोठ्या डिस्कसाठी १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा त्याच्यासोबत असल्याची खात्री करून घ्यावा. पहिले काम नक्कल काढण्याचे. एक प्रत घरात, एक घराबाहेर. एक्सपीला कंपनीची मदत एप्रिल २०१४ मध्येच थांबली, तेव्हा असे यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवलेले बरे. आणि डिस्क बदललीच, तर जुनी दुरुस्तीवाल्याकडे सोडून येऊ नये. तिच्यात आपल्याबरोबर आपल्या गिऱ्हाइकांचेही व्यवहार असतात.

स्नेह्यांनी त्याच दिवशी येणे-देण्याची यादी छापून घेतली. जमा रकमांच्या यादीत एका मयत विणकराचे नाव निघाले. वहीत ती नोंद नव्हती आणि घरच्यांनाही माहीत नव्हती. ती रक्कम रमजानच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या वारसांकडे पोहोचली. संगणक अजून चालतो. जंपर कोणत्या पिनांवर होता आणि आता कोठे आहे, हे भाच्याने कागदावर काढून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवले आहे.