विश्लेषण : ट्रेलरमध्ये मुक्काम करताना धोका नेमका कुठे असतो?

अमेरिकेत मेच्या अखेरीस येणाऱ्या ‘मेमोरियल डे’पासून सप्टेंबरमधील ‘लेबर डे’पर्यंत राष्ट्रीय उद्यानांच्या वाटेवर मोटारीमागे चाकांवरचे घर ओढणाऱ्या कुटुंबांची वर्दळ असते. तिथली मराठी कुटुंबेही त्यात दिसतात. नवख्यांना भीती वाटते ती महामार्गाची. पण तळावर पोहोचल्यानंतरचा पहिला अर्धा तास आणि झोपेची वेळही तितकीच जोखमीची असते. ती कशी, याविषयी...

‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणजे काय?

स्वतःचे इंजिन नसलेले, मोटारीच्या किंवा पिकअपच्या मागे जोडायचे घर. आत बिछाने, शेगडी, फ्रिज, शौचालय. आपल्याकडे ‘कॅराव्हॅन’ म्हणून दिसणारी वाहने बहुतेक बस किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, स्वतः धावणारी असतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, त्यातही ट्रेलरला जागा आहे. पण रस्त्यावर तो अजून विरळाच.

सामान कुठे ठेवता यावर एवढे काय अवलंबून?

बरेच काही. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर यायला हवा. म्हणजे २,००० किलोच्या ट्रेलरचा २०० ते ३०० किलो. जड सामान मागे कोंबले की हा भार घटतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो. अशा वेळी करकचून ब्रेक मारणे किंवा स्टिअरिंग झटकणे ही सर्वात घातक प्रतिक्रिया. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि ट्रेलरचे स्वतंत्र ब्रेक असतील तर फक्त तेच हाताने हलके दाबावेत. जोडाखाली सुरक्षा साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावतात, ते दिसायला बरे म्हणून नव्हे. जोड सुटलाच तर ट्रेलरची दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत अडकते.

तळावर पोहोचल्यावर आधी काय करायचे?

इथे क्रम चुकला की अपघात ठरलेला. प्रवासाने शिणलेली माणसे आधी मोटार सोडवतात आणि उतारावरचा ट्रेलर चालू लागतो. मोटारीला हँडब्रेक असतो, तसा तो अमेरिकी ट्रेलरला सहसा नसतो. म्हणून मोटार जोडलेली असतानाच डावी-उजवी बाजू समतल करायची. जी बाजू खाली असेल तिच्या चाकाखाली फळ्या किंवा प्लास्टिकचे ठोकळे सरकवायचे. मग चाकांच्या पुढे आणि मागे अडथळे घट्ट बसवायचे. घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकामागे दगड लावतात, तेच हे काम. ते झाल्यावरच मोटार सोडवायची आणि पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी साधायची. चार कोपऱ्यांचे पाय सर्वात शेवटी.

या पायांबद्दल मोठा गैरसमज आहे. ते ट्रेलर हलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नव्हे. त्यांच्यावर सगळे वजन घेतले तर ते वाकतात, सांगाडाही पिळवटतो. पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणण्याचा आग्रह निव्वळ झोपेच्या सोयीसाठी नसतो. गॅसवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये अमोनियाचे द्रावण उताराने वाहते. ट्रेलर कलता राहिला तर ते अडते आणि फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो.

वीज आणि पाण्याचे काय?

तळावरच्या वीजखांबाची जोडणी चुकीची असू शकते, म्हणून तपासणी करणारा सर्ज प्रोटेक्टर आधी लावावा, मग केबल. नळाला दाब कमी करणारा रेग्युलेटर हवा. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळीच ठेवावी. मैल्याची टाकी आधी रिकामी करायची, सांडपाण्याची नंतर. म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. वारा सुटला की बाहेरचे छत गुंडाळून टाकावे.

अस्वलांची भीती खरी की ऐकीव?

खरी. यलोस्टोनमधील ‘फिशिंग ब्रिज’ तळावर ग्रिझली अस्वलांच्या वावरामुळे तंबूला परवानगीच नाही, फक्त टणक भिंतींची वाहने चालतात. अन्न, कचरा, अगदी टूथपेस्टसुद्धा बाहेर ठेवू नये. अस्वलापासून किमान ९० मीटर अंतर राखण्याचा तिथला नियम आहे.

मग रात्री सर्वात मोठा धोका कोणता?

कार्बन मोनॉक्साइड. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधून निघालेला हाच वायू आत शिरल्याचे तपासात पुढे आले. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते. प्रवासाचा शीण समजून माणूस आडवा होतो. ट्रेलर म्हणजे छोटीशी बंद खोली, त्यामुळे वायू साचायला वेळ लागत नाही.

सुटा जनरेटर ट्रेलरपासून किमान सहा मीटर दूर, धुराचे तोंड खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला करून ठेवावा. शेजाऱ्याच्या जनरेटरचा धूर कुठे जातो, तेही पाहावे. थंडी वाजली म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवणे किंवा कोळशाची शेगडी आत आणणे, हे दोन्ही जिवावर बेतते. स्वयंपाक करतानाही छतावरची खिडकी आणि पंखा चालू हवा.

ट्रेलरमध्ये दोन प्रकारचे सूचक लागतात. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा सूचक जमिनीलगत असतो. कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळून जातो, त्याचा झोपण्याच्या जागेजवळ हवा. हे सूचक काही वर्षांनी निकामी होतात, मुदत मागच्या बाजूला छापलेली असते. भाड्याचा ट्रेलर ताब्यात घेतानाच ती तारीख वाचावी आणि चाचणीचे बटण दाबून आवाज येतो का पाहावे. रात्री आवाज झालाच तर कारण शोधत बसू नये. सगळ्यांना बाहेर काढावे, माणसे मोजावीत आणि मग अमेरिकेत ९११, भारतात ११२ वर फोन करावा.